डार्टमूरवरील दगडी वर्तुळे : ही घरेच होती, हे कशावरून ठरवतात?

जुनापाणीकर

मी मूळचा नागपूरचा. गेली दोन वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात, एक्सेटर शहरात राहतो. मागच्या रविवारी डार्टमूर या ग्रॅनाइटच्या पठारावर, मेरिव्हेल नावाच्या ठिकाणी पायी हिंडून आलो. तेथे दगडांच्या दोन लांबच लांब समांतर ओळी आहेत, सुट्या उभ्या दगडांचे एक वर्तुळ आहे, जमिनीत पुरलेली एक दगडी पेटी आहे आणि रस्त्याच्या बाजूला उतारावर गुडघ्याएवढ्या उंचीची दगडी कडी विखुरलेली आहेत. माहितीफलकावर या कड्यांना कांस्ययुगातील घरे म्हटले आहे.

माझी अडचण अशी की, माझे बालपण काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची शिळावर्तुळे पाहण्यात गेले आणि ती लोहयुगातील दफनस्थाने आहेत, हे आम्हांला शाळेपासून ठाऊक आहे. दगड गोलाकार मांडलेले दिसले की माझ्या मनात प्रथम थडगेच येते. मग एकाच माळावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दगडांपैकी काहींना पूजास्थान, काहींना थडगे आणि काहींना घर म्हणायचे, हे कशाच्या आधारावर ठरते? मी पावलांनी मोजले, तर एका कड्याची आतली रुंदी साधारण सहा मीटर भरली. गुडघ्याएवढ्या भिंतीत माणूस राहणार कसा, आणि ज्या ठिकाणी मी ऑगस्ट महिन्यात दोन तास भिजलो, तेथे घर बांधावे असे कोणाला कशासाठी वाटले असेल? एका कड्याच्या आत जात्याच्या तळीसारखा एक भलामोठा गोल दगड पडलेला दिसला. तोही त्याच काळातला आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गडगा

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. तो गोल दगड प्रागैतिहासिक नाही. सफरचंदाची दारू काढण्यापूर्वी फळे चिरडण्यासाठी जो दगडी घाणा वापरत, त्याचा तो दगड असून पाथरवटांनी तो एकोणिसाव्या शतकात घडवला आणि काही कारणाने तेथेच टाकून दिला. डार्टमूरवर ग्रॅनाइट कोणी ना कोणी सतत वापरत आलेले आहे. तुम्ही पाहिलेल्या दगडी पेटीच्या झाकणाचा मधला भाग गायब आहे, तोही याच कारणाने. कोणाला तरी फाटकाला खांब हवा होता आणि त्याने तो थडग्याच्या झाकणातून कापून नेला. सांगायचे इतकेच की, येथे शेजारी शेजारी पडलेले दगड एकाच काळाचे असतील असे गृहीत धरून चालत नाही.

आता मुख्य प्रश्न. मी या भागात बावीस वर्षे राहतो आणि हौशी मंडळींना माळावर हिंडवून आणतो, त्यामुळे हा प्रश्न मला दर महिन्याला विचारला जातो. माझे उत्तर असे की, वर्तुळाकडे पाहू नका, आधी दार शोधा. घराच्या कड्यात एका बाजूला जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बाकीच्या दगडांपेक्षा उंच असे दोन दगड चौकटीसारखे उभे असतात. ही फट बहुतेक वेळा आग्नेय किंवा दक्षिण दिशेला असते, कारण येथील वारा आणि पाऊस प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून येतो आणि सकाळचे ऊन आत यावे अशीही इच्छा असणारच. त्यानंतर भिंत पाहा. ती सुट्या दगडांची रांग नसून मीटरभर किंवा त्याहून जाड अशी सलग भिंत असते, जिच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला मोठे दगड लावून मधल्या पोकळीत माती आणि बारीक दगड भरलेले असतात. कोकणातील गडगा ज्याने हाताने रचला आहे, त्याला ही रचना चटकन ओळखू येते. तिसरी खूण म्हणजे जमीन. उताराच्या वरच्या अंगाला खणून ती माती खालच्या अंगाला भरलेली असते, म्हणजे आपण ज्याला घराचे जोते म्हणू तेच. पूजास्थानाच्या वर्तुळात दगडांमध्ये अंतर असते, आत सपाटी केलेली नसते आणि दार म्हणावे असे काही नसते. थडग्याच्या ढिगाऱ्यात मध्यभाग उंच असतो, निदान लुटारूंनी खणून खड्डा करण्यापूर्वी तो उंच होता हे समजते.

ही खात्री मात्र एका दिवसात आलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जे विद्वान येथे हिंडले, त्यांना सगळीकडे ड्रुइड धर्मगुरूच दिसत असत. १८९४ मध्ये ‘डार्टमूर एक्स्प्लोरेशन कमिटी’ या मंडळाने ग्रिम्सपाउंड या वसाहतीत पद्धतशीर खोदकाम केले. लू ट्रेंचर्डचे पाद्री सबाइन बेअरिंग-गूल्ड आणि रॉबर्ट बर्नार्ड हे त्यातील प्रमुख लोक. त्यांना कड्यांच्या आत फरसबंदी, चुलीची जागा, कोळसा, गारगोटीची हत्यारे आणि आगीत तापवून पाण्यात टाकल्यामुळे तडकलेले दगड सापडले. दागिने नाहीत, मृतदेह नाहीत, मूर्ती नाहीत. सापडली ती चूल, आणि चूल जिथे रोज पेटत होती ती जागा घराची, यावर वाद घालायला कोणाला फारशी जागा उरली नाही.

ग्रिम्सपाउंड तुम्ही अजून पाहिले नसेल, तर मेरिव्हेलच्या आधी ते पाहायला हवे होते, असे मी म्हणेन. सुमारे ४५० मीटर उंचीवर, हूकनी टॉर आणि हॅमलडाउन या दोन टेकड्यांच्या मधल्या खोगिरात, जाडजूड दगडी कोटाच्या आत दोन डझन घरांची जोती तेथे एका नजरेत दिसतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवून पाहा. त्या मंडळाने खोदकाम संपल्यावर काही घरांच्या भिंती आणि कोटाचा काही भाग स्वतःच्या समजुतीनुसार पुन्हा रचला. त्यामुळे तेथे जे नीटनेटके दिसते ते सगळेच तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे नाही, काही हात राणी व्हिक्टोरियाच्या काळातील मजुरांचे आहेत.

आढे-वासे

मी स्थापत्य अभियंता आहे, पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही, पण “गुडघ्याएवढ्या भिंतीत माणूस राहणार कसा” या प्रश्नाला अभियंत्याने उत्तर द्यावे असे वाटले. तुम्ही जी पाहिली ती भिंत घराचा फारच किरकोळ भाग होती. घर म्हणजे छप्पर. भिंत मुळात मीटर-सव्वा मीटर उंच असावी आणि तिच्या आतल्या अंगाला लाकडी मेढींचे, म्हणजे खांबांचे, एक कडे जमिनीत रोवलेले असे. खोदकामात या मेढींचे खड्डे आणि त्यांत मेढी घट्ट बसाव्यात म्हणून ठोकलेले दगड अनेक ठिकाणी मिळाले आहेत. मेढींच्या डोक्यावर आडव्या लाकडांचे वळे, त्या वळ्यावर आणि भिंतीवर टेकलेले वासे, आणि सगळे वासे वर एका टोकाला आणून बांधलेले, अशी शंकूच्या आकाराची ही रचना होते. तिच्यावर गवत, लव्हाळे, हीदरची झुडपे किंवा गवताळ मातीची ढेकळे यांची शाकारणी.

पावसाचे पाणी गवतात न मुरता वाहून जायला हवे असेल, तर छपराचा उतार ४५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. सहा मीटर व्यासाच्या घराची त्रिज्या तीन मीटर, म्हणजे भिंतीच्या माथ्यापासून छपराचे टोक किमान तीन मीटर वर. भिंत धरून मध्यभागी चार मीटरांहून अधिक उंची मिळते. क्षेत्रफळ २८ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ३०० चौरस फूट भरते. मुंबईत ज्यांनी एका खोलीत संसार केले आहेत, त्यांना हे लहान वाटू नये.

गोल आकाराचा फायदा दुहेरी आहे. एवढेच क्षेत्रफळ चौरस घरात हवे असेल, तर २१ मीटरांहून अधिक भिंत रचावी लागेल, गोल घरात १९ मीटरांत भागते. शिवाय शंकूचे वासे खाली सरकू पाहतात, म्हणजे भिंतीला बाहेर ढकलतात, तेव्हा माथ्यावरचे लाकडी वळे तो जोर स्वतःवर घेते. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवतो त्या धावेचे जे काम, तेच या वळ्याचे. वळे शाबूत असेपर्यंत भिंत कोरडी रचलेली असली तरी बिघडत नाही. चौकोनी घराच्या कोपऱ्यांत वारा जसा पकड घेतो, तशी पकड त्याला येथे मिळत नाही, हाही उघड्या पठारावर मोठाच लाभ आहे.

हे सारे कागदावरचे नाही. हॅम्पशायरमध्ये बट्सर येथे पीटर रेनॉल्ड्स या संशोधकाने १९७०च्या दशकापासून खोदकामात मिळालेल्या आराखड्यांवरून पूर्ण आकाराची गोल घरे प्रत्यक्ष उभारून पाहिली. सर्वांना चकित करणारा निष्कर्ष धुराड्याबाबतचा होता. छपराच्या टोकाला भोक ठेवले, तर चुलीचा जाळ भात्यासारखा ओढला जातो आणि ठिणग्या थेट गवतात जातात. भोक न ठेवता शाकारले, तर धूर वरच्या पोकळीत साठून गवतातून हळूहळू झिरपतो, खाली माणसे बसतात तेथे फारसा त्रास होत नाही आणि ठिणगी वर पोहोचेपर्यंत विझते. आमच्या आजोळी सिंधुदुर्गात स्वयंपाकघरावरचे वासे धुराने काळे कुळकुळीत असत आणि कीड लागते ती नेहमी पडवीच्या वाशांना, असे आजी म्हणत असे.

जुनापाणीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दार शोधण्याची युक्ती लक्षात ठेवतो. मात्र उत्तरे वाचून दोन नव्या शंका निर्माण झाल्या आहेत.

पहिली शंका ग्रिम्सपाउंडच्या कोटाविषयी आहे. जाडजूड कोट आहे म्हणजे तो गड होता का? आणि दुसरी अशी की, पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननाविषयी पूर्वी कधीतरी वाचले होते, त्यात सुबत्तेच्या काळातील घरे चौकोनी आणि उतरत्या काळातील घरे गोल होती, असे म्हटल्याचे आठवते. तसे असेल, तर डार्टमूरचे गोल घरांत राहणारे लोकही गरिबीने गांजलेले होते असे समजायचे का?

कॅम्ब्रियावासी

कोटाच्या शंकेवर थोडक्यात. मी वेल्समध्ये राहतो. आमच्याकडे लीन द्वीपकल्पावर त्रेर केइरी नावाचा खराखुरा गिरिदुर्ग आहे. तो डोंगराच्या माथ्यावर आहे, त्याच्या तटाच्या आत दीडशेच्या आसपास दगडी घरे आहेत आणि तटावर उभे राहिले की चहूबाजूंनी खालचा मुलूख आणि समुद्र दिसतो. ग्रिम्सपाउंड मी पाहिले आहे. दोन टेकड्यांच्या मधोमध, जेथे कोणीही वरून दगड भिरकावू शकेल अशा जागी गड बांधणारा किल्लेदार बिनडोकच म्हणावा लागेल, आणि त्यातही मुख्य दरवाजा चढाच्या बाजूला तोंड करून! महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. हे दोन्ही एकाच काळाचेही नाहीत. त्रेर केइरी लोहयुगातील असून रोमन अमलाच्या काळातही तेथे वस्ती होती, म्हणजे ग्रिम्सपाउंड ओस पडल्यानंतर हजार वर्षांनी.

जाता जाता, अँगलसी बेटालगतच्या होलीहेड डोंगरावरही अशी घरे आहेत आणि त्यांना वेल्श लोक पूर्वापार ‘आयरिश माणसांच्या झोपड्या’ म्हणत आले आहेत. आयरिश लोकांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. कोणी बांधले ते ठाऊक नसले की शेजाऱ्याचे नाव द्यायचे, आपल्याकडे पांडवांचे देतात.

घोडकाठ

इनामगावचा उल्लेख आल्यामुळे लिहिणे भाग पडले. माझे पदव्युत्तर शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले आणि त्या उत्खननाचे अहवाल आम्हांला अभ्यासाला होते.

तुमची आठवण बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावात ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. तेथे माळवा, पूर्व (आधीची) जोर्वे आणि उत्तर (नंतरची) जोर्वे अशा तीन संस्कृतींचे थर मिळाले असून त्यांचा काळ साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० असा आहे. पहिल्या दोन टप्प्यांत प्रशस्त, कुडाच्या आणि मातीच्या भिंतींची, ओळीने मांडलेली चौकोनी घरे प्रामुख्याने आढळतात, नदीचे पाणी वळवण्यासाठी केलेला पाट आढळतो. इ. स. पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे टप्प्यात मात्र लहान लहान गोल झोपड्या दाटीवाटीने येतात. पाऊसमान घटले, शेती पिकेनाशी झाली आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर अधिक अवलंबून राहून अर्धभटके झाले, अशी या बदलाची संगती ढवळीकरांनी लावली.

येथे घसरणीची खूण कोणती आहे हे नीट पाहिले पाहिजे. घर गोल असणे ही ती खूण नव्हे. त्याच गावात, त्याच लोकांच्या वंशजांनी आधीची पद्धत सोडून लहान आणि तात्पुरती बांधणी स्वीकारली, हा बदल ही ती खूण आहे, आणि तिला भांडी, धान्य, हाडे यांच्या पुराव्याची जोड आहे. ब्रिटनमध्ये असा बदल झालेलाच नाही. तेथे कांस्ययुगाच्या मध्यापासून रोमन येईपर्यंत, म्हणजे दीड हजार वर्षांहून अधिक काळ, गरिबाचे घर गोल होते आणि श्रीमंताचेही गोलच होते. तेथे कोणी चौकोनी घर बांधले असते, तर तोच चमत्कारिक ठरला असता. एकच आकार दोन देशांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, म्हणून आकारावरून थेट माणसांच्या परिस्थितीकडे उडी मारता येत नाही. मला तर डार्टमूरचे पुरावे वाचताना गरिबीची आठवण फारशी येत नाही. व्हाइटहॉर्स हिल येथे २०११ मध्ये उघडलेल्या दगडी पेटीत, पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या पाणथळ मातीच्या) थरामुळे टिकून राहिलेले अस्वलाचे कातडे, विणलेली टोपली, अंबरचे (अश्मीभूत राळेचे) मणी आणि कथिलाचा मणी एका तरुण व्यक्तीच्या दहन केलेल्या अस्थींसोबत मिळाले. अंबर डार्टमूरवर सापडत नाही, ते दुरून आणावे लागते.

काळाचा योगायोग मात्र खरोखर विलक्षण आहे. इनामगावात पहिली चौकोनी घरे उभी राहत होती, त्याच सुमाराच्या शतकांत डार्टमूरवर तुम्ही पाहिलेली जोती घातली जात होती, आणि इ. स. पू. १००० च्या आगेमागे दोन्हीकडे उलथापालथ झाली. एकीकडे पाऊस कमी पडला म्हणून आणि दुसरीकडे गारवा व पाऊस वाढून जमीन पाणथळ झाली म्हणून, अशी त्याची नेहमीची मांडणी आहे. दोन्हीकडचे सारे खापर हवामानावर फोडणे मला व्यक्तिशः पटत नाही. जंगल तोडून शतकानुशतके चराई केल्यावर ग्रॅनाइटवरची पातळ माती आम्लधर्मी आणि नापीक होते, यात माणसाचाही वाटा आहेच.

नागपूरकरांसाठी एक पुरवणी. जुनापाणीच्या शिळांवर कोरलेले वाटीसारखे लहान खळगे जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिले आणि १८७९ मध्ये त्यांची तुलना ब्रिटनमधील तसल्याच खळग्यांशी केली. दोन्हीकडे एकच लोक होते, असे त्या काळच्या विद्वानांना वाटण्याचा मोह होई. तुमचा गोंधळ त्यांच्याच परंपरेतला आहे, फक्त तुमची दिशा नागपूरकडून डार्टमूरकडे अशी उलटी आहे.

गडगा

घोडकाठ यांनी जमिनीचा मुद्दा काढला हे बरे झाले, कारण या कड्यांविषयीची सर्वांत मोठी गोष्ट घराच्या आत सापडत नाही, बाहेर सापडते.

ग्रिम्सपाउंड या नावातील ‘पाउंड’ म्हणजे कोंडवाडा, आणि ‘ग्रिम’ हे वोडन या जुन्या सॅक्सन देवाचे एक नाव. नाव बांधणाऱ्यांचे नाही, दोन-अडीच हजार वर्षांनी आलेल्यांचे आहे, पण त्यातला कोंडवाडा बहुधा खरा आहे. कोटाच्या आत घरांच्या मध्ये मोकळी जागा भरपूर आहे, उत्तर बाजूने ओढ्याचे पाणी आत येते, काही घरांना लागून लहान लहान कोंडवाडे आहेत. रात्री गुरे आत घ्यायची आणि सकाळी वर माळावर सोडायची असतील, तर चढाकडे तोंड केलेला दरवाजा अगदी योग्य ठरतो. पश्चिमेकडील शॉ मूर येथे चिनी मातीच्या खाणींमुळे १९७०च्या दशकात बचाव उत्खनन करावे लागले, तेव्हा बांधालगतच्या चरात गाई, मेंढ्या आणि घोडे यांच्या खुरांचे ठसे मिळाले. येथील आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून जातात, त्यामुळे जनावरांचा पुरावा हाडांऐवजी खुरांनी द्यावा लागला.

मात्र सगळ्या वसाहती कोटाच्या आत नाहीत. अनेक घरे शेतांच्या मध्ये, सुटी सुटी आहेत. डार्टमूरवर जमिनीत जेमतेम हातभर वर दिसणारे दगडी बांध मैलोन्‌मैल गेलेले आहेत, ज्यांना येथे ‘रीव्ह’ म्हणतात. त्यांना फार काळ कोणी जुने रस्ते, कोणी मध्ययुगीन सीमा समजत असे. अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञाने १९७०च्या दशकात ते पायी हिंडून तपासले आणि ती कांस्ययुगातील शेतांची आखणी आहे, हे दाखवून दिले. बांध टेकड्या, ओढे, दऱ्या ओलांडून समांतर जातात, म्हणजे एखाद्या कुटुंबाने आपल्यापुरता बांध घातला असे ते काम नाही, कोणीतरी सगळ्या मुलखाची वाटणी एका हिशेबाने केली आहे. काळ इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याचा. काही ठिकाणी दगडी बांधाच्या खाली त्याआधीच्या लाकडी कुंपणाचे खड्डेही सापडले. या पठारावर अशा घरांची सुमारे पाच हजार जोती नोंदलेली आहेत. ती सगळी एकाच वेळी नांदती होती असे नव्हे, पण ओसाड माळावर कोणीतरी चुकून आलेल्या मेंढपाळांचे हे काम नाही, एवढे या बांधांवरून कळते.

येथे घर बांधावेसे कोणाला वाटले, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मेरिव्हेलजवळच्या प्रिन्सटाउनला आज वर्षाला जवळपास २००० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईहून थोडाच कमी, पण तो बारा महिन्यांत वाटून पडत असल्यामुळे माणूस कायमचाच ओला असतो. त्या काळी हवा आजच्याहून किंचित उबदार होती, पीटचा चिखल एवढा पसरलेला नव्हता आणि खालच्या दऱ्या दाट झाडीच्या होत्या. वरच्या अंगाची माती हलकी, झाडी विरळ, म्हणून साफ करायला सोपी. शिवाय ओढ्यांच्या वाळूत कथिल होते, ज्याच्याशिवाय कांसे बनत नाही. डीन मूर येथे एव्हन धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी १९५०च्या दशकात एलीन फॉक्स यांनी जे उत्खनन केले, त्यात घराच्या आत कथिलाच्या खनिजाचा खडा आणि वितळवलेल्या कथिलाचा थेंब मिळाला होता. त्यावरून सगळे कथिलासाठीच आले, असे मात्र कोणी म्हणू नये.

एक सूचना करून ठेवतो. पाहायला जायचे असेल, तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा. उन्हाळ्यात नेच्याची झुडपे कमरेएवढी वाढतात आणि कडी त्यांत बुडून जातात. हिवाळ्यात नेचा वाळून आडवा होतो आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बांधांची सावली पडते, तेव्हा दुपारी ज्या उतारावर काहीच नव्हते तेथे अख्खे शिवार उमटलेले दिसते. सरकारी नकाशावर ही ठिकाणे जुन्या वळणाच्या काळ्या अक्षरांत छापलेली असतात. दगड मात्र एकही हलवू नका. १९७९च्या कायद्यान्वये संरक्षित स्मारकाला धक्का लावणे आणि तेथे परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र फिरवणे हा गुन्हा आहे. लहान दगड एकमेकांवर रचून ‘आठवण’ ठेवणारी मंडळीही याच कायद्याच्या कक्षेत येतात, त्यांना ते ठाऊक नसते एवढेच.

जुनापाणीकर

काल पुन्हा मेरिव्हेलला जाऊन आलो, म्हणून हा धागा वर काढतो आहे. नेचा अजून उभाच आहे, पण या वेळी पावलांनी मापे घेण्याऐवजी गडगा यांनी सांगितल्याप्रमाणे फक्त दारे शोधली. दहा कडी पाहिली. सहा कड्यांना दार स्पष्ट सापडले, चौकटीचे दोन दगड आणि त्यांच्या मधली जागा. सहापैकी पाच दारांची तोंडे होकायंत्रावर आग्नेय आणि दक्षिण यांच्या दरम्यान भरली. एका दारात नैर्ऋत्येचा वारा पाठीमागून येत असताना उभा राहिलो, तर आत पाऊल टाकल्यावर भिंत गुडघ्याएवढीच असूनही खाली बसल्यावर वारा लागेनासा झाला. छप्पर असताना काय होत असेल, त्याचा थोडा अंदाज आला.

तीन कडी इतकी ढासळलेली आहेत की दार कोठे होते ते सांगता येत नाही. दहाव्या कड्याला मात्र दार नाही असे मी खात्रीने म्हणेन. ते लहान आहे, आतून जेमतेम तीन मीटर, कडा सगळीकडे सारखी जाड, आणि आतली जमीन सपाट केलेली नसून उताराबरोबर तशीच खाली गेली आहे. हे घर असेल का?

गडगा

तुमच्याच वर्णनावरून ते घर वाटत नाही. दगडांचे कडे घातलेले दफनस्थान असू शकेल, किंवा शेत साफ करताना कडेला टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्याचा मधला भाग पुढे कोणीतरी उपसून नेला असेल. दोन्ही गोष्टी या माळावर भरपूर आहेत. शॉ मूरच्या एका आवाराच्या कोटाला तर दारच नव्हते, माणसे बहुधा पायऱ्या चढून आत जात, त्यामुळे दार नाही म्हणून सगळे संपले असेही नाही. तुमच्या बाबतीत न केलेली सपाटी ही अधिक बोलकी खूण आहे. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या, सोबत उंचीसाठी एखादी काठी उभी धरा, नकाशावरचा चौकटीचा क्रमांक लिहून घ्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. ते कडे त्यांच्या यादीत आधीच असेल, तर त्याला त्यांनी काय म्हटले आहे ते आम्हांलाही येथे सांगा.

जुनापाणीकर

छायाचित्रे काढलेली आहेत, पण काठी नव्हती, छत्री धरली आहे. आज रात्री पाठवतो.